कोण बघतंय?

दसऱ्याच्या संध्याकाळी हरिश्चंद्र नागवेकर सोनं वाटून घरी आले, सोफ्यावर पाय घेऊन बसले, रिमोट उचलला, लाल बटण दाबलं, आणि काहीही झालं नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. मग जोरात दाबलं. समोरच्याला ऐकू गेलं नाही की आपण आवाज चढवतो, तसंच बटणाचंही असतं अशी त्यांची समजूत होती. मग हात लांब करून दाबलं, मग उभं राहून, मग टीव्हीच्या पुढ्यात जाऊन पिस्तूल रोखल्यासारखं. टीव्ही भिंतीवर काळाकुट्ट आणि ढिम्म.

"अगो, ह्याला काय केलंस?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

"मी कशाला काय करू?" दर्शनाबाई आतून म्हणाल्या. "हात लावायला देता का मला त्याला?"

हे खरं होतं. टीव्ही घरात आला त्या दिवशीच रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गेला होता. वरून दोन रबर. पिशवी आता इतकी पिवळी पडली होती की कुठल्या बटणावर काय लिहिलंय ते फक्त नागवेकरांनाच पाठ होतं. मुळात दर्शनाबाईंना हवा होता मोठा फ्रीज. मिरकरवाड्याच्या बंदरावरून एकदम आणलेली मासळी ठेवायला. पण नागवेकरांनी चर्चेत 'ज्ञान' हा शब्द वापरला. मध्यमवर्गीय घरात ह्या शब्दापुढे सुरमई टिकत नाही. टीव्ही आला, भिंतभर आला, आणि त्यावर गेली दोन वर्षं नागवेकर रोज जेवताना बातम्या देणाऱ्यांची भांडणं बघून ज्ञान घेत होते.

शिवाय त्यांना लागलं ते वेगळंच. त्याच दिवशी सकाळी त्यांनी स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन आणि टीव्ही ह्यांची यथासांग पूजा केली होती. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. स्कूटर चालू होती. मिक्सर चालू होता. शिलाई मशीन तर दहा वर्षं कोणी हात न लावताही चालू होतं. आणि ज्याला सगळ्यात मोठं फूल वाहिलं, त्यानेच दगा द्यावा?

एरवी दोन-चार दिवस टीव्ही नसता तर शेजारपाजारच्यांना शांतता मिळाली असती, एवढंच. पण रविवारी संध्याकाळी सहाला दर्शनाबाई टीव्हीवर येणार होत्या.

म्हणजे खरोखरच येणार होत्या. एका वाहिनीच्या पाककलेच्या स्पर्धेत त्यांची खापरोळी, म्हणजे नारळाच्या गोड रसात बुडवलेलं जाळीदार घावन, निवडली गेली. ऑगस्टमध्ये त्या मुंबईला जाऊन, दिव्यांच्या उजेडात, नारळाच्या रसात गूळ विरघळवून आल्या. नवऱ्याला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "जमलं बाबा." आणि नवऱ्याने सगळ्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं होतं: 'रविवारी सायं. ६ वा. सौ. दर्शना हिचा कार्यक्रम आमचे येथे मोठ्या पडद्यावर. सर्वांनी सहकुटुंब यावे. खापरोळी मिळेल.'

त्यावर पलीकडच्या विंगमधल्या पावसकरांनी फक्त अंगठा दाखवला होता. नागवेकरांना तो अंगठा मुद्दाम तिरका काढलेला वाटला. कारण पावसकरांनी नागवेकरांच्या पाठोपाठ महिन्याभरात तोच टीव्ही घेतला होता. तीच कंपनी, तोच आकार. फक्त ते सांगताना म्हणायचे, "आमचा जरा नवीन आहे."

"रविवारपर्यंत होईल ना हो चालू?" दर्शनाबाईंनी विचारलं. साध्या आवाजात विचारलं. पण हातातला टॉवेल त्या उगाच पुन्हापुन्हा पिळत होत्या.

"मी आहे ना," नागवेकर म्हणाले.

ह्या वाक्यानंतर घरात आजवर बऱ्याच गोष्टी बिघडल्या होत्या.

पहिला संशय सेलवर गेला. घरात नवे सेल नव्हते, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाचे काढले. रिमोट चालला नाही. सेल परत घड्याळात घालायचे राहिले. शुक्रवारी सकाळी नागवेकर घड्याळाकडे बघून निवांत चहा पीत बसले आणि ऑफिसात पोचले तेव्हा साहेब त्यांच्या खुर्चीकडे बघत उभे होते. "टीव्हीचा रिमोट बिघडला," असं त्यांनी खरं कारण सांगितलं. नाव हरिश्चंद्र असल्याचा हा एक तोटा.

मात्र त्यामुळे ऑफिसातून सल्ले मिळाले. एकाने सांगितलं, सेल दातांनी हलके चावा. दुसरा म्हणाला, आपली हवा दमट, रिमोटला ओल लागली असणार, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा. नागवेकरांनी दोन्ही केलं. सेल चावल्यावर दाढेतलं चांदीचं सिमेंट हललं. आणि पिशवी काढून तांदळात पुरलेला रिमोट दुसऱ्या दिवशी दर्शनाबाईंच्या वाटीत आला. आवाज वाढवायच्या बटणाखाली तांदळाचा दाणा जाऊन बसला तो बसलाच.

शनिवारी सुट्टी. नागवेकरांनी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून कंपनीला फोन केला.

आधी बराच वेळ सनई वाजली. मग एक बाई म्हणाली की तुमचा कॉल आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. नागवेकरांना बरं वाटलं. ती तेच पुन्हा म्हणाली, तेव्हाही बरं वाटलं. पुढे पुढे मात्र त्यांना शंका येऊ लागली. अखेर एक खरी मुलगी आली.

"सर, प्रॉब्लेम काय आहे?"

"रिमोट चालत नाही."

"ओके सर. सेटिंगमध्ये जा."

"कसा जाऊ?"

"रिमोटने, सर."

"अहो, रिमोट चालत नाही म्हणून तर फोन केलाय."

"हो सर. रिमोट चालत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन रिमोट परत जोडायचा."

नागवेकरांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटला. पण काउंटरच्या ह्या बाजूला उभं राहून तो ऐकायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"टीव्हीला एक बटण असतं सर, मागच्या बाजूला. आणि सिरियल नंबरही तिथेच. तो सांगा, म्हणजे तक्रार घेते."

टीव्ही भिंतीला असा चिकटवलेला की मागून झुरळसुद्धा आडवं होऊन जायचं. शेवटी दर्शनाबाईंनी पेटीकोटात नाडी ओवायची सळई आणली. नागवेकरांनी ती फटीत घालून चाचपत चाचपत बटण दाबलं, आणि टीव्ही उजळला! दोघांनी टाळ्या वाजवल्या.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न आला: 'कोण बघतंय?'

खाली दोन चौकोन. एकात 'हरिश्चंद्र', दुसऱ्यात 'मुलं'. मुलं म्हणजे ते कंपनीकडूनच आलेलं होतं. नागवेकरांचा मुलगा बेंगळुरूला नोकरीला होता आणि त्याचेही केस पिकत आले होते. कधी नवरा घरी नसताना दर्शनाबाईंना काही बघायचं झालं तर त्या 'मुलं' मध्ये जात. त्यामुळे ससे आणि अस्वलं ह्यांच्याबद्दल त्यांना बरीच माहिती होती.

आता ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ओके दाबायचं. ओके रिमोटवर. टीव्ही विचारत होता, कोण बघतंय? दोघंही डोळे फाडून बघत होते, पण ते त्याला कळवायचं कसं?

"नंबर, सर," फोनमधली मुलगी म्हणाली.

नंबर वाचायला दर्शनाबाईंचा हातात धरायचा आरसा फटीत धरावा लागला. नागवेकरांच्या तोंडात टॉर्च, एका हातात आरसा, दुसऱ्या हाताने भिंत. आरशात सगळं उलटं.

"ई," नागवेकर टॉर्च काढून म्हणाले. "नाही, थांबा. उलटा ई म्हणजे तीन. पण आरशात तीन दिसतोय म्हणजे ई. का तीनच?"

"सर, ई फॉर एलिफंट का?"

"हत्ती नाही हो, आकडा!"

नंबर कसाबसा गेला. मग मुलगी म्हणाली, "रजिस्टर्ड मोबाईलवर ओटीपी पाठवलाय सर, तो सांगा."

रजिस्टर्ड मोबाईल दर्शनाबाईंच्या भावाचा, सागरचा. दिवाळीत त्याच्या कार्डावर सूट होती म्हणून टीव्ही त्याच्या नावावर घेतलेला. आणि सागर नेमका भातकापणीला खेडजवळच्या गावी गेलेला. तिथलं घर असं खोलगट जागी की रेंजसाठी वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळावर, चढून जावं लागतं. निरोप गावच्या घरातल्या तारेच्या फोनवर गेला, सागर कोयता टाकून सड्यावर चढला, आणि धापा टाकत त्याने ओटीपी वाचून दाखवला, तोवर तो ओटीपी बाद झालेला. दुसरा पाठवला तेव्हा सागर खाली उतरलेला.

"भावोजी," तिसऱ्यांदा वर चढल्यावर सागर म्हणाला, "मी इथेच बसू का कायमचा? डबा पाठवून देतील घरचे."

अखेर तक्रार नोंदली गेली. इंजिनिअर कोल्हापूरहून येणार. मंगळवारी.

"मंगळवारी," दर्शनाबाई म्हणाल्या. बस्स, तेवढंच. मग त्या आत गेल्या आणि नारळ फोडायला लागल्या. नेहमी त्या नारळ दोन फटक्यांत फोडतात. त्या दिवशी बराच वेळ आवाज येत राहिला.

नागवेकर रिमोट हातात घेऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले. मनात आलं, द्यावा फेकून. तसा हातही उचलला, आणि रागाने बटण दाबलं.

समोरच्या विंगमध्ये, पावसकरांच्या हॉलमध्ये, बातम्या चालू असलेला टीव्ही पटकन विझला.

"अरे! लाईट गेली काय?" पावसकरांचा आवाज आला.

नागवेकरांनी पुन्हा दाबलं. टीव्ही लागला. पुन्हा. विझला. दोन दिवसांत पहिल्यांदाच आपलं कोणीतरी ऐकतंय ह्या भावनेने नागवेकरांचं मन भरून आलं. वास्तविक त्याच क्षणी त्यांनी विचार करायला हवा होता की रिमोट धडधाकट आहे, तर मग घोटाळा कुठे आहे? पण पावसकर उठून टीव्हीवर चापट मारतात, वळून खुर्चीत बसतात, आणि बसल्याबसल्या टीव्ही विझतो, हे दृश्य समोर असताना विचार कोणाला सुचणार? पंधरा मिनिटं त्यांनी स्वर्गसुख घेतलं. त्या काळात आवाज वाढवायचं बटणही दाबलं, पण तिथे तांदूळ आडवा आला.

रविवारी दुपारपासून दर्शनाबाईंच्या घरी खुर्च्या यायला लागल्या. टीव्ही 'कोण बघतंय?' विचारत उभाच होता. सळईने लावून ठेवलेला, निदान जिवंत दिसावा म्हणून. दर्शनाबाईंनी मुंबईला नेसली होती तीच ठेवणीतली जांभळी साडी नेसली, फडकं घेतलं आणि पडदा पुसायला लागल्या. पुसता पुसता फडकं खाली आलं. ह्या टीव्हीला चौकट अशी नाहीच. सगळा पडदाच, फक्त खाली मधोमध करंगळीएवढी हनुवटी. दसऱ्याला पडदा खराब होऊ नये म्हणून नागवेकरांनी तेलात कालवलेल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा बरोब्बर त्या हनुवटीवर लावला होता.

"गो बाये, काय करतेस!" दारातून आवाज आला. "दसऱ्याचा कुंकू पुसतात काय?"

त्या हौसाआजी. पावसकरांच्या आई. पावसकरांकडे नातू झाल्यामुळे सोयर होतं, म्हणून दसऱ्याला त्यांच्याकडे पूजा नव्हती. आठवडाभर देवाला हात लावता न आल्याने आजींचा सगळा भक्तिभाव साठून राहिला होता आणि आता आजी तो लोकांच्या देवांवर खर्च करत होत्या. सोयरामुळे उंबऱ्याच्या आत मात्र येत नव्हत्या. बाहेर खुर्ची टाकून बसल्या आणि तिथूनच हुकूम सोडू लागल्या.

"आपोआप पडेल तेव्हा पडेल तो. पुसायचा नाय," आजी म्हणाल्या. दर्शनाबाईंनी फडकं मागे घेतलं. "आणि एवढा मोठा टीव्ही, नजर लागल्याशिवाय राहील काय? मीठमिरच्या आण. ओवाळ. मी सांगत्ये तसा."

मीठमिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. पाहुणे यायला लागले ते खोकतच आले. टीव्हीवर काही फरक पडला नाही.

पाऊण तास उरला तेव्हा नागवेकरांनी आपला अभिमान गिळला. तो दाढेतल्या हललेल्या सिमेंटवरून खाली गेला. उंबऱ्याबाहेर आईशेजारी उभ्या असलेल्या पावसकरांना ते म्हणाले, "मी काय म्हणतो, आपण सगळ्यांनी तुमच्याकडेच बसूया का? सोयराचं चालेल आम्हाला."

पावसकरांचा चेहरा पडला.

"अहो, आमचा काल संध्याकाळी बिघडला! आपोआप बंद, आपोआप चालू. भुताटकी असावी तशी. मग मी कंपनीला फोन केला. ती मुलगी म्हणाली, सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करा. केलं. आता तो विचारतोय वायफायचा पासवर्ड. तो फक्त आमच्या चिरागला माहीत, आणि तो दवाखान्यात बाळापाशी, फोन बंद. काय झालं असेल हो काल?"

सगळ्यांनी नागवेकरांकडे पाहिलं. हरिश्चंद्र नाव असलेल्या माणसाच्या आयुष्यात असा प्रसंग येऊ नये.

"व्होल्टेज," हरिश्चंद्र म्हणाले.

दर्शनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या आदल्या संध्याकाळी नारळाचा चव घेऊन गॅलरीच्या दारापर्यंत आल्या होत्या, आणि नवऱ्याला खुदुखुदु हसताना बघून परत गेल्या होत्या. त्यांनी पिशवीतून रिमोट काढला, रबर बाजूला ठेवले, प्लास्टिक फाडून टाकलं आणि कोणाकडे न बघता ओके दाबत बसल्या. दाबत राहिल्या.

सहाला दोन मिनिटं होती. कोणीतरी मोबाईल काढला. पंधरा-वीस माणसं, त्यातली निम्मी चष्म्याची, तळहाताएवढ्या पडद्याभोवती डोकी घालायला लागली. "मला खांदाच दिसतोय कोणाचातरी." "जाहिरात आहे की दर्शनाताई?" "जाहिरात. बनियनची." आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या जांभळ्या साडीत भिंतीकडे बघून बटण दाबत होत्या. दोन महिने त्या कोणाला न सांगता ह्या घटकेची वाट बघत होत्या, हे नागवेकरांना त्या क्षणी एकदम कळलं.

"अरे हरिश्चंद्रा," आजी उंबऱ्याबाहेरून गरजल्या, "काहीतरी अपराध घडलाय मेल्या तुझ्याकडून! पूजा करून त्याच्यासमोर खोटा बोललास काय? डोका टेक आणि क्षमा माग त्याची!"

एरवी नागवेकर हसले असते. पण खोटं बोलल्याला तासही झाला नव्हता. ते उठले, टीव्हीसमोर गेले, हात जोडले. मनात म्हणाले, पावसकरांचा टीव्ही मीच बंद केला, फ्रीज घ्यायला हवा होता, पण आज तिला दिसू दे. आणि गुडघ्यांत वाकून त्यांनी टीव्हीच्या हनुवटीवर कपाळ टेकलं. चांगलं दाबून टेकलं, वर दोनदा घासलंही.

डोकं वर उचललं, आणि डोक्यावर आवाज झाला: टुक!

'कोण बघतंय?' गेलं. वाहिनी लागली. भिंतभर जांभळी साडी.

जो गलका झाला त्यात मोबाईल खाली पडला. आजी बाहेरून ओरडत होत्या, "पावला! पावला!" पावसकरांनी नकळत चप्पल काढून टीव्हीला नमस्कार केला. नागवेकर गुडघ्यांवरच मागे वळले, आणि दर्शनाबाईंना दिसलं की नवऱ्याच्या कपाळावर, सकाळच्या गंधाच्या वर, रुपयाएवढा लालभडक टिळा आहे. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. हनुवटी स्वच्छ. तिथे काळ्या काचेचा एक बारीकसा डोळा मिचमिचत होता. त्यांनी रिमोट त्याच्याकडे रोखला आणि एकच बटण दाबलं. तांदळाचा दाणा उडाला, आवाज वाढला.

"म्हणजे ह्याच्या डोळ्यातच..." त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून जे हसू लागल्या ते आवरेना.

पडद्यावरची निवेदिका विचारत होती, "दर्शनाताई, स्वयंपाकात यजमान मदत करतात का हो?"

"करतात ना," पडद्यावरच्या दर्शनाबाई खापरोळी उलटत म्हणाल्या. "कशाला हात लावत नाहीत. हीच मोठी मदत."

बिल्डिंग हादरली. सगळ्यात मोठ्याने नागवेकरच हसले, कपाळावर तो टिळा घेऊन. मध्येच त्यांनी रुमाल काढला, तर बाहेरून आवाज आला, "हरिश्चंद्रा, दसऱ्याचा कुंकू! पुसायचा नाय!" त्यामुळे खापरोळ्या वाटताना, पावसकरांना खरं सांगताना, आणि पावसकरांनी त्यांच्या पाठीत घातलेला धपाटा खातानाही टिळा जागच्या जागी होता. पावसकरांनी मात्र सूड म्हणून चार खापरोळ्या जास्त खाल्ल्या. त्याच वेळी सागरचा फोन आला. तो पुन्हा सड्यावर होता. "भावोजी, आणखी एक ओटीपी आलाय! लिहून घ्या, लवकर!"

सोमवारी कंपनीच्या मुलीने विचारलं, "सर, तक्रार बंद करते. बिघाडाचं कारण काय लिहू?"

"कुंकू."

"सर?"

"कुंकू हो. हळदीकुंकवातलं."

"तसं आमच्याकडे नाहीये सर. 'ग्राहकाची चूक' आहे, नाहीतर 'इतर'."

"इतर," हरिश्चंद्र नागवेकर ताठ बसून म्हणाले.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा दर्शनाबाई सोफ्यावर पाय घेऊन बसल्या होत्या. हातात बिनपिशवीचा रिमोट. टीव्ही विचारत होता, 'कोण बघतंय?', आणि खाली आता तीन चौकोन होते. तिसऱ्यावर ठळक अक्षरांत नाव होतं: 'दर्शना'.

नागवेकर शेजारी टेकणार, इतक्यात त्या म्हणाल्या, "मी बघतेय. तुम्ही जरा कुकर लावा."

नागवेकर निमूट आत गेले.

"आणि अहो," मागून आवाज आला, "नुसता कुकरच लावा हां. त्याला कुंकू नका लावू."